चकरीवाल्या काकू

काकूंच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं, तर आधी दाराच्या खिळ्याला ओढणी अडकवावी लागायची. ओढणी, बांगड्या, गळ्यातली साखळी, जे जे म्हणून लोंबतं ते सगळं. केस मोकळे असतील तर अंबाडा. एकदा गल्लीतल्या देवळाचे गुरुजी सत्यनारायणाचं बोलावणं घेऊन आले, तर त्यांचं उपरणंही त्या खिळ्यावर गेलं.

"मला काही मशीन चालवायची नाही हो," गुरुजी म्हणाले.

"ते मशीनले माहीत आहे का?" काकू म्हणाल्या.

गुरुजी उपरण्याशिवाय आत आले, पूजेची वेळ सांगितली आणि मग बोलायचं विसरून छताकडे बघत राहिले. आत येणाऱ्या प्रत्येकाचं असंच व्हायचं. कारण छताच्या लोखंडी तुळईला ती टांगलेली होती. पिवळी-काळी, चांगल्या मोठ्या कलिंगडाएवढी, जाडजूड वायर पोटात गुंडाळून बसलेली. तिच्या तोंडातून वायरीचं टोक आणि त्याला लावलेला सॉकेटचा रबरी ठोकळा तेवढा खाली यायचा. ओढलं की वायर कटकट करत बाहेर येई. थांबलं की तिथेच अडकून राही. आणि परत थोडी ओढून सैल सोडली की पोटातल्या स्प्रिंगच्या जोरावर सरसर आत जाई. दुकानदार तिला रील म्हणायचे. काकू तिला चकरी म्हणायच्या, पतंगाच्या मांजाची असते तशी. आणि गल्ली काकूंना चकरीवाल्या काकू म्हणायची.

"संक्रांतीले भाऊ पतंग उडवायचे अन् मी मागं चकरी धरून उभी," त्या सांगायच्या. "दुसऱ्याचा पतंग कापून ओ काट झालं की नाचायचे ते, अन् गुंडाळत बसायचं माह्याकडे. मले पतंग कधी भेटलाच नाही. पण खरं सांगू का वं, मले चकरीच आवडे. पतंग किती वर गेला ते हातालेच समजते."

मी नोकरीसाठी नागपूरला आले तेव्हा या शहरात माझं कोणी नव्हतं. जरीपटक्याच्या बाजारामागे एका गल्लीत काकू-काकांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. काकूंनी माझं नाव एकदा विचारलं, ऐकून मान हलवली आणि पुन्हा कधी घेतलं नाही. त्यांच्यासाठी मी कायम "वरची" होते. "ए वरची, भाजी ठेवली वं पायरीवर." "ए वरची, पाणी येऊन राहिलं, भरून घेजो."

तो एप्रिल होता. दुपारी बाराच्या पुढे गल्लीत चिटपाखरूही नसे. मी खिडकीतल्या कूलरसमोर पडून राहायची. वाळ्याच्या ओल्या वासात खालून रंधा मारायच्या मशीनची गुणगुण यायची, लांबून, पाण्याखालून आल्यासारखी. त्या आवाजाने मला झोप लागायची आणि तो आवाज थांबला की जाग यायची. जाग आणि झोप यांच्या मधल्या त्या पट्ट्यात मला रोज एक खट्ट असा आवाज ऐकू यायचा. त्यानंतर सगळं शांत. कावळ्याचं पाणी पिणंसुद्धा ऐकू यावं इतकं शांत. मग पुन्हा खट्ट, आणि गुणगुण सुरू.

एका रविवारी मी ते काय आहे बघायला खाली उतरले.

शेडच्या पत्र्याला बारीक भोकं होती आणि त्यांतून उन्हाच्या काड्या खाली आल्या होत्या. त्या काड्यांमध्ये सागवानाची धूळ तरंगत होती. भिंतीला जुनी दारं रांगेने टेकवलेली. पाडलेल्या घरांची दारं. कुणावर कडी-कोयंडा तसाच, कुणावर लक्ष्मीची पावलं, कुणावर पेन्सिलीने मुलांची उंची. मध्ये काकू. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळ्यांवर मोठा चष्मा, केसांवर भुसा. त्या बोर्डासमोर उभ्या होत्या. विजेची कुठे गळती झाली की आपोआप लाइन तोडणारं एक बटण बोर्डावर होतं. काम सुरू करायच्या आधी त्याचं टेस्टचं बटण त्या दाबून बघायच्या. खट्ट. शेडमधला पंखा मंद होत होत थांबला.

"मेलं," त्या समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे जित्तं आहे." आणि लाइन पुन्हा चालू केली.

तेवढ्यात त्यांना मी दिसले. "तिथंच थांब. पिवळ्या रेघेच्या बाहेर. ओढणी खिळ्याले."

जमिनीवर खरंच एक पिवळी रेघ होती. चकरीची वायर सुटली तर जिथवर तिचा ठोकळा फिरू शकतो, तेवढ्या जागेभोवती काकूंनी ती रंगवली होती. पुढचे कित्येक रविवार माझी जागा त्या रेघेच्या बाहेर, एका उलट्या खोक्यावर होती. काका आमचा चहा दारापर्यंत आणून उंबऱ्यावर ठेवायचे आणि निघून जायचे. ते आत कधीच येत नसत.

काकू निवृत्त झाल्या होत्या टेलिफोनच्या ऑफिसातून. ट्रंक कॉल होते त्या काळात त्या बोर्डावर बसायच्या, कानाला हेडफोन लावून. त्याची एक खूण त्यांच्यात राहिली होती. विचार करायचा असला की त्या हात वर करून "होल्ड करा" म्हणायच्या आणि थिजून जायच्या. भाजीवाल्यासमोर, मोजमाप घेताना, एकदा तर रस्ता ओलांडताना मध्यावर. "होल्ड करा." रिक्षावाले हॉर्न वाजवत राहायचे. मग त्यांना उत्तर सापडायचं आणि त्या चालू लागायच्या.

"माझी अख्खी नोकरी लोकांले वाट पाहायले लावण्यात गेली," एकदा त्या म्हणाल्या. हातात पॉलिशपेपर होता. "कोणाची माय दवाखान्यात, कोणाचा पोट्टा परीक्षेत. तिकडून विचारायचे, बाई, लाइन कधी भेटन? मी म्हणे, थांबा. मी खुर्चीवर बसून म्हणे थांबा. अन् ते कुठं थांबले असतीन? दुकानाच्या पायरीवर, पोस्टाच्या व्हरांड्यात, उभ्यानं. तेव्हा काही वाटलं नाही वं. घरी बसल्यावर वाटायले लागलं."

म्हणून काकू बाक बनवत.

जुन्या दारांचे बाक. शहरात फिरताना त्यांची नजर दुकानांवर नसे, उभ्या माणसांवर असे. इतवारीत धान्याच्या ओळीत दुपारी हातगाडीवाले गाडीच्या दांड्यावर टेकून उभे राहतात, तिथे एक बाक गेला. बाजारातल्या औषधाच्या दुकानासमोर एक. शाळेच्या फाटकाबाहेर, आयांसाठी, एक. पहाटे टेम्पोत घालायचा, जागेवर उतरवायचा, हलतो का बघायचं आणि मुकाट्याने परत यायचं. परवानगी काढणं त्यांना मंजूर नव्हतं. "परवानगी काढायले गेली तर तिथंही उभंच ठेवतीन," त्या म्हणायच्या. काही बाक कुणी उचलून नेले. औषधाच्या दुकानासमोरचा दुकानदाराने आत घेतला आणि त्यावर खोकी रचली. काकूंनी ते पाहिलं, "होल्ड करा" म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यात तिथे दुसरा बाक आणून ठेवला, इतका जड की दोन माणसांनाही हलू नये.

सुतारकाम म्हणून ते बाक यथातथाच होते. एखादा पाय आखूड असायचा, सांध्यांच्या फटींत लांबीचा लगदा भरलेला दिसायचा. काकू स्वतःच म्हणायच्या, "हात काही सुताराचा नाही बाप्पा." पण चकरीच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे यथातथा काही चालत नव्हतं.

वायर बाहेर काढताना त्या एका हातात कोरडं फडकं घेऊन ती त्यातून ओढायच्या, सावकाश, डोळे मिटून. कुठे चीर आहे का, कुठे मऊ पडली आहे का, कुठे उंदराचा दात लागलाय का, ते बोटांना कळायचं. वायरीच्या चकरीतल्या, आतल्या टोकाजवळ त्यांनी लाल पट्टी चिकटवली होती. मोठं मशीन लावायचं असेल तर ती पट्टी दिसेपर्यंत सगळी वायर बाहेर. अर्धी गुंडाळलेली ठेवून मशीन चालवायचं नाही, कारण वेटोळ्यात वायर तापते आणि वरचं रबर कधी वितळलं ते कळतही नाही. पट्टी दिसली की थांबायचं, त्यापुढे हिसका द्यायचा नाही. बाहेर आलेली वायर पायात नको म्हणून भिंतीच्या खुंट्यांवरून फिरवून आणायची. एका वेळी एकच मशीन. मशीनचं बटण बंद आहे हे बघितल्याशिवाय प्लग लावायचा नाही. प्लग तीन पायांचाच. पाय तोडून, आगपेटीच्या काड्या खुपसून वायर बसवणाऱ्या माणसाशी त्या बोलणं टाकत. शेजारच्या एका गृहस्थांशी वर्षभर टाकलं होतं.

आणि काम संपलं की सगळ्यात महत्त्वाचं. मशीन बंद, प्लग बाहेर, मग ठोकळा मुठीत घट्ट धरायचा, वायर जरा ओढून मोकळी करायची आणि तिच्याबरोबर चकरीपर्यंत चालत जायचं. सोडायची नाही. वायर आत जायला ओढ घेई, काकू तिला आपल्या चालीने नेत. कधी कधी त्या डोळे मिटून चालायच्या. पत्र्यातून आलेल्या उन्हाच्या काड्या त्यांच्या खांद्यावरून सरकत जायच्या आणि मला पेंग यायची.

"पाहुण्याले दारातून वाटे लावत नाही आपण," त्या म्हणायच्या. "चौकापर्यंत पोचवतो. तसंच हे."

इतकी काळजी बघून गल्लीतल्या बायकांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. यांच्या घरात कुणीतरी शॉक लागून गेलं असणार. एक मुलगा होता म्हणे. कुणी म्हणे दीर. नागपुरात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यामुळे गोष्ट सहज पटण्यासारखी होती. मलाही पटली. मी बरेच दिवस काकूंकडे त्या नजरेने बघत होते. मग एकदा धीर करून विचारलं.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणी नाही मेलं वं," त्या म्हणाल्या. "काहून? कोणी मेल्यावरच शिकायचं असते का?"

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मशीन सुरू केलं.

मे महिन्यात समोरच्या घरी लग्न होतं. हळदीच्या दिवशी गल्लीत मांडव पडला. मोठमोठे कूलर लावले, गाणी सुरू झाली, बायका-पोरं नाचू लागली. काकूही नाचत होत्या, हिरव्या रेशमी साडीत, चांगल्या घामाघूम होऊन. नाचता नाचता त्या थांबल्या. हात वर गेला. "होल्ड करा."

मांडववाल्याने एका रिळाला दुसरं रीळ जोडून वीज आणली होती. दोन्ही रिळांवर वायर तशीच गुंडाळलेली होती. आणि कूलरमधून सांडलेलं पाणी चटईखालून सरकत सरकत जोडापर्यंत पोचलं होतं. पोरं अनवाणी त्याच चटईवर उड्या मारत होती.

काकू ओरडल्या नाहीत. पोरांमधून वाट काढत मांडवाबाहेरच्या बोर्डापाशी गेल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. गाणं मध्येच तुटलं. कूलर घरघरत थांबले. ऊन एकदम मांडवात शिरल्यासारखं वाटलं. नवरदेवाचे मामा तरातरा आले.

"काय करून राहिल्या काकू? मुहूर्ताची हळद आहे!"

"हात लाव," काकू म्हणाल्या. "लाइन बंद आहे, भिऊ नको. लाव हात."

मामांनी तापलेल्या रिळावर हात ठेवला आणि झटक्याने मागे घेतला. मग पुन्हा ठेवला, हळूच. मग खाली पाहिलं, चटईच्या काठाशी चमकणाऱ्या पाण्याकडे. त्यांच्या बहिणीची धाकटी पोर तिथेच उभी होती, एका पायावर, नाच थांबला म्हणून रुसून. मामांनी तिला उचलून कडेवर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

त्यानंतर हळदीच्या अंगांनी सगळ्यांनी मिळून वायरी सोडवल्या. काकूंनी घरून लांब वायर आणून थेट बोर्डापासून लावून दिली, कूलर लांब सरकवले, चटई उन्हात टाकली. मामा फडक्याने जमीन पुसत होते. मग गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं आणि काकूही पुन्हा नाचल्या. त्या दुपारचं माझ्या मनात जे राहिलं आहे ते असं, की सगळे पिवळे, सगळे घामेजलेले, आणि कुणाला काही झालेलं नाही.

पुढची संक्रांत आली. आकाशभर पतंग होते. शेडच्या पत्र्यावर कापलेला मांजा घसरत गेल्याचा बारीक आवाज येत होता. काकूंचा एक बाक निम्मा झाला होता. पाठ तयार होती, पाय जोडायचे बाकी. काम आटोपून त्यांनी प्लग काढला, ठोकळा मुठीत धरला, वायर मोकळी केली आणि चालू लागल्या. मी खोक्यावर बसून पत्र्याच्या भोकातून एक लाल पतंग शोधत होते.

मला फक्त एक शीळ ऐकू आली. मग काच फुटली.

वायर त्यांच्या हातातून सुटली होती. ठोकळा चकरीच्या तोंडावर आपटून उलटा फिरला, फळीवरची स्क्रूंची बरणी त्याने उडवली, आणि जाता जाता काकूंच्या भुवईला लागला. स्क्रू जमिनीवर घरंगळत राहिले. काकू उभ्या होत्या. गालावरून रक्ताची रेघ खाली येत होती आणि त्या स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होत्या. हात थरथरत होता. भीतीने हात कापतो तसा नव्हे. एकाच तालात, शांतपणे, जणू त्याचं त्याचं काही चाललं होतं.

त्यांनी मेन बंद केला. चष्मा खुंटीला लावला. बाहेर आल्या, दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"काकू, आधी भुवई पुसू द्या. आणि एकदा सुटली म्हणून काय झालं? कुणाचीही सुटते."

"माझी सुटत नाही वं." त्यांनी पदराचं टोक भुवईला दाबलं. "कधीचं समजून राहिलं होतं मले. चहाचा कप वाजे बशीत. मी म्हटलं, थंडी आहे." मग त्या म्हणाल्या, "ज्याच्या हाताचा भरवसा नाही, त्यानं रेघेच्या आत जायचं नाही. मीच रंगवली ना ती रेघ."

डॉक्टरांनी तपासलं. हळूहळू वाढणारा आजार होता. औषधांनी आवरता येईल, पण जाणार नाही, असं ते म्हणाले. काकूंनी मान हलवली, माझं नाव ऐकून हलवली होती तशीच.

त्यानंतर काकू व्हरांड्यातल्या खुर्चीत बसू लागल्या. उजवा हात मांडीवर आणि त्यावर डावा हात ठेवलेला, एखादं पाखरू झाकून धरावं तसा. शेडकडे पाठ. रस्त्यात कोण उभं आहे ते बघणंही त्यांनी सोडलं. फेब्रुवारी गेला. दारच्या कडुलिंबाची पानं गळाली आणि नवी तांबूस पालवी आली. दुपारी मी वर पडून राहायची आणि खालून काही आवाज यायचा नाही. मला झोप येईना.

एका सकाळी मी किल्ली घेऊन व्हरांड्यात गेले. "काकू, तो बाक मी पुरा करते. तुम्ही सांगा."

"तुले काय येते?"

"काहीच नाही."

काकूंचा डावा हात वर गेला. "होल्ड करा." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "एकटीनं नाही जमणार. वायर मागून सांभाळायले एक माणूस लागते."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पेपर खाली केला. काका विजेला इतके घाबरायचे की घरातली बटणंसुद्धा लाकडी पट्टीने दाबायचे. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत ते कधी फ्यूजजवळ उभे राहिले नव्हते. पेपरची घडी घालायला त्यांनी फार वेळ लावला. मग उठले, गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि जाऊन शेडच्या खिळ्याला अडकवली.

काकूंची खुर्ची आम्ही उंबऱ्याबाहेर मांडली. तिथून त्या सांगू लागल्या. आणि काकूंसारखी वाईट शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही.

"बटण पाह्य आधी! मशीनचं बटण पाह्य! प्लग कायले लावून राहिली?"

"बंद आहे काकू."

"तू पाहिलं का मी पाहिलं? अवो, तुम्ही, वायर उचला ना जरा, झाडू धरल्यासारखी काय धरली?"

"उचललीच आहे," काका म्हणत. वायर दोन्ही हातांवर आडवी घेऊन ते माझ्या मागे मागे यायचे, तान्हं बाळ कुणी अचानक हातात दिल्यासारखे. पहिल्या दिवशी टेस्टचं बटण दाबल्यावर खट्ट झालं तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. शांतता पसरली. त्यांनी एक डोळा उघडला.

"मेलं का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे जित्तं आहे!" उंबऱ्याबाहेरून काकू ओरडल्या, आणि कितीतरी आठवड्यांनी हसल्या.

मी लाकूड वाकडं कापलं. पुन्हा कापलं. मशीन हातात धडधडायचं आणि खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या. दिवसाचं काम संपलं की मी ठोकळा मुठीत धरायची आणि वायरीबरोबर चालायची. वायरीची ओढ तळहाताला लागायची. ती किती जोराची होती हे तोवर मला बघून कधी कळलं नव्हतं. त्या वेळी काकू काहीच बोलत नसत. मी चकरीपर्यंत पोचेपर्यंत त्या खुर्चीत पुढे झुकून बसायच्या, आणि पोचले की मागे टेकायच्या.

बाक पुरा झाला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्याची जागा काकूंनी आधीच हेरून ठेवली होती. शहराबाहेर पडणाऱ्या उमरेडच्या रस्त्यावर एसटी थांबते तिथे. एक कडुलिंबाचं झाड आणि खाली उभी माणसं, एवढाच तो थांबा. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही टेम्पोतून तिथे पोचलो. काका, मी आणि टेम्पोवाल्याने बाक उतरवला. झाडाखाली ठेवला. थोडा डुगडुगत होता. काकांनी एक चपटा दगड शोधून पायाखाली सरकवला.

"सरका," काकू म्हणाल्या. "मले बसू द्या."

त्या बसल्या. साडी सारखी केली, पाठ टेकली. टेम्पो परत गेला आणि आम्ही थोडं लांब जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने एक बाई आली, डोक्यावर रिकाम्या पोत्यांचं गाठोडं. तिने बाकाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"सरका ना वं मावशी जराशा."

काकू सरकल्या. बाई बसली, गाठोडं पायाशी ठेवलं, हुश्श केलं. लिंबाचा मोहर दोघींवर बारीक बारीक पडत होता. काकूंचा उजवा हात मांडीवर हलत होता आणि आज त्याच्यावर डावा हात नव्हता.

"कोणाची वाट पाहून राहिल्या?" बाईने विचारलं.

"कोणाची नाही. बसून राहिली."

"मी भिवापूरले चालली. मिरची भरायची आहे."

"चांगली आहे का यंदा?"

"चांगली आहे ना. तोडा चालू असला की रान लालेलाल दिसते वं, पाहतच राहावं असं."

एवढ्यात एसटी आली. धूळ उडाली, माणसं पुढे सरसावली. बाईने गाठोडं उचललं. आणि काकूही उठल्या. मला वाटलं, त्यांना गाठोड्याला हात लावायचा असेल. त्यांनी हातही लावला. मग दांडा धरून पायरीवर पाय ठेवला, दुसरा पाय ठेवला आणि आत गेल्या.

काका धावले. "अवो! कुठं जाऊन राहिली तू?"

खिडकीतून काकूंचा चेहरा बाहेर आला. "भिवापूरले!"

"तिथं कोण आहे आपलं?"

"कोणी नाही!"

कंडक्टरने घंटी दिली. बस हलली. काकूंनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढून हलवला. तो मुद्दाम हलवलेला होता की आपोआप हलत होता ते सांगता यायचं नाही. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

"काका, आता?" मी विचारलं. "संध्याकाळच्या आत तर त्या येत नाहीत. घरी जायचं का?"

काकांनी कपाळाचा घाम पुसला आणि झाडाकडे वळले.

"थांबू ना," ते म्हणाले. "बाक आहे नं."

त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले.